दहा टक्के म्हणता म्हणता: इंदूरमधल्या एका डबेवाल्या घराचा हिशेब

सुदामा नगरातल्या एका मराठी घराचं हे प्रकरण आहे. घरातल्या बाई भंवरकुआं भागात कोचिंगसाठी राहणाऱ्या मुलांना डबे देतात. त्यांना इथे काकू म्हणू. नवरा कापड बाजारातल्या एका दुकानात मुनीम आहे, त्यांचा पगार घरभाडं, विजेचं बिल आणि सासूबाईंच्या औषधांत जातो. मुलगा बी.कॉम.ला, मुलगी नुकतीच कॉलेजात. ओळख लपावी म्हणून एकदोन तपशील बदलले आहेत, हिशेब मात्र तसाच ठेवला आहे. मी आयुष्यभर बँकेत कर्जखात्यावर बसलो. निवृत्तीनंतर ओळखीपाळखीतली माणसं कागद घेऊन येतात, तसेच काकूही आल्या. कर्ज कसं फेडायचं हे विचारायला त्या आल्या नव्हत्या. चौथ्यांदा पलटी मारावी की नाही, म्हणजे जुनं कर्ज मिटवायला त्याच माणसाकडून नवं घ्यावं की नाही, एवढंच त्यांना विचारायचं होतं.

पैसा अडकला होता कुठे

डब्यांचा धंदा बाहेरून रोखीचा वाटतो, पण तो तसा नाही. काकूंकडे भरात २२ डबे असतात, दोन वेळचे, महिन्याला २,६०० रुपये. म्हणजे ५७,२०० रुपयांची उलाढाल. किराणा, भाजी, गॅस आणि डबे पोचवणाऱ्या मुलाचा पगार असा खर्च चाळीस हजारांच्या आसपास जातो. उरलेल्या सतरा हजारांवर घर चालतं. ऐकायला बरं वाटतं. अडचण अशी की मुलं महिना संपल्यावर पैसे देतात, तेही गावाहून बापाचे पैसे आले की, म्हणजे पाच ते बारा तारखेच्या दरम्यान. १ जुलैला जेवायला बसलेल्या मुलाचे पैसे १० ऑगस्टला हातात येतात. महिनाभराची सरासरी धरा, काकूंचं मुलांकडे चाळीस हजारांच्या वर येणं असतं, आणि त्यावर एक पैसा व्याज नाही.

त्यात इंदूरच्या कोचिंगची घडी अशी की नीटची परीक्षा मे महिन्याच्या सुरुवातीला आटोपली की मुलं घरी जातात. एमपीपीएससीवाले, म्हणजे मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाच्या परीक्षेची तयारी करणारे, तेवढे राहतात. मे-जूनमध्ये डबे २२ वरून ९ वर येतात. नव्या बॅचची मुलं जूनअखेर, जुलैत येतात. म्हणजे ज्या महिन्यात गल्ला रिकामा, त्याच महिन्यात नव्या मुलांसाठी किराणा भरायचा. त्या वर्षी त्याच महिन्यात मुलीच्या कॉलेजची १२,००० रुपये फीही आली. अठरा हजार हवे होते, आणि आठवड्याभरात हवे होते.

डायरी

रोज दारावर येऊन वसुली करणारा माणूस आपल्याकडे बऱ्याच मोहल्ल्यांत आहे. एक छोटी वही असते, रोजच्या हप्त्यापुढे तो सही करतो, म्हणून त्या कर्जालाच लोक डायरी म्हणतात. काकूंना त्याने सांगितलं, "भाभीजी, बीस हज़ार की डायरी, दस टका. बस, और कुछ नहीं." दहा टक्के आधीच कापून १८,००० हातात ठेवले. फेड रोज २०० रुपये, शंभर दिवस. ज्या दिवशी हप्ता चुकेल त्या दिवसाचा खाडा ५० रुपये. सोबत कोऱ्या स्टँप पेपरवर सही आणि सही केलेले दोन कोरे चेक.

दहा टक्के. बँकेच्या मुदत ठेवीवर सात मिळतात, तर इथे दहा, असं नवरा-बायको दोघांनाही वाटलं. चूक दोन ठिकाणी आहे. एक तर मुदत शंभर दिवसांची आहे, वर्षाची नाही. एवढं बहुतेकांना सांगितलं की कळतं; ते ३.६५ ने गुणतात आणि साडेछत्तीसवर थांबतात. दुसरी गोष्ट सहसा कोणी पाहत नाही. ते अठरा हजार शंभर दिवस तुमच्याकडे राहत नाहीत. दुसऱ्याच दिवसापासून दोनशे-दोनशेने परत जायला लागतात. पन्नासाव्या दिवशी निम्मे गेलेले असतात. म्हणजे सरासरीने तुम्ही नऊ हजार वापरले आणि त्यावर दोन हजार दिले. नऊ हजारांवर दोन हजार म्हणजे शंभर दिवसांत २२ टक्के, वर्षाला ८१. हा तोंडी हिशेब झाला. संगणकावर रोजचा हप्ता मांडून काटेकोर काढला तर साधारण ७८ येतात. काकूंच्या मुलाने तो एक्सेलमध्ये मांडला आणि आपलंच काही चुकलं असं समजून पुन्हा मांडला.

७८ टक्के जास्तच आहेत, पण एवढ्यावरून मी डायरीवाल्याला राक्षस ठरवणार नाही. क्रेडिट कार्डाची बाकी पुढे ढकलली की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर लागतात, आणि ते कर्ज आपण इभ्रतीचं मानतो. डायरीवाला कागद मागत नाही, अर्ध्या तासात पैसे देतो, रोज उन्हातान्हात फिरतो, आणि त्याचेही काही पैसे बुडतात. शिवाय एकदा घेऊन शंभर दिवसांत संपवली असती तर काकूंना ती डायरी दोन हजारांना पडली असती. महाग, पण झेपणारी.

पोहे-जलेबीच्या ठेल्याला हे कर्ज निदान जुळतं, कारण त्याचा गल्ला रोज सकाळी भरतो. काकूंची आवक महिन्यातून एकदाच, दहा तारखेच्या आसपास. रोजचे दोनशे म्हणजे महिन्याचे सहा हजार, आणि ते रोज सकाळी हजर करायचे. सतरा हजारांच्या नफ्यातून सहा हजार गेले हे एक. पण जो नफा अजून मुलांच्या खिशात आहे, त्यातून आज दोनशे द्यायचे कसे? ते किराण्याच्या पैशातून गेले.

पलटी

पन्नास दिवसांनी, ऑगस्टच्या मध्यावर, काकूंनी १०,००० फेडले होते आणि १०,००० बाकी होते. राखी होऊन गेली होती, गणपती तोंडावर होते, आणि किराणा उधार मिळेनासा झाला होता. डायरीवाल्यानेच सुचवलं, "पलटा लो भाभीजी, नई बना देता हूँ." नवी डायरी पुन्हा वीस हजारांची. त्यातून दहा टक्के, म्हणजे २,००० कापले, जुनी बाकी १०,००० कापली, आणि ८,००० हातात दिले. हप्ता तोच, रोज २००. काकूंच्या दृष्टीने काहीच बदललं नाही, उलट आठ हजार मिळाले.

या प्रकरणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली जागा हीच. जुन्या दहा हजार बाकीवरचं व्याज पहिल्याच दिवशी कापून झालं होतं. पलटीत त्याच दहा हजारांवर पुन्हा दहा टक्के कापले गेले. नवे म्हणून जे आठ हजार मिळाले, त्यांची किंमत पाहू. पलटी मारली नसती तर पुढचे पन्नास दिवस रोज दोनशे भरून सुटका होती. मारली म्हणून पुढचे शंभर दिवस रोज दोनशे. म्हणजे आजच्या आठ हजारांच्या बदल्यात, पन्नास दिवसांनंतर सुरू होणारे आणखी पन्नास हप्ते: दहा हजार. याचा दर वर्षाला १०८ टक्के निघतो. डायरीवाल्याने दर वाढवला नाही, तोंडाने दोन्ही वेळा दहा टक्केच म्हणाला. कर्ज मात्र ७८ चं १०८ झालं, आणि ते कुठल्याही वहीत लिहिलेलं नाही.

काकूंनी अशा तीन पलट्या मारल्या, दर पन्नास दिवसांनी. सगळं एकत्र मांडलं तर हातात आले १८,००० आणि तीन वेळा ८,००० मिळून ४२,०००. अडीचशे दिवसांत भरायचे ५०,०००. फरक ८,०००. मध्ये बावीस खाडे पडले, त्यांचे ११००. एकूण ९,१०० रुपये. आणि या सगळ्या काळात वहीवरची बाकी सरासरीने तेरा हजार होती.

खाड्याबद्दल एक वाक्य लिहिल्याशिवाय राहवत नाही: दोनशेचा हप्ता एक दिवस उशिरा दिला म्हणून पन्नास, म्हणजे एका दिवसाला पंचवीस टक्के. बँका आणि वित्त कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेने १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंड हा वेगळं शुल्क म्हणून, वाजवी प्रमाणात आणि त्यावर व्याज न चढवता घ्यायला सांगितलं. डायरीवाल्याला यातलं काहीच लागू होत नाही. मध्य प्रदेशात साहूकारी करायला नोंदणी लागते, कायदा १९३४ पासूनचा आहे. याच्याकडे नोंदणी होती का, हे काकूंनी कधी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर पैसे मिळाले नसते.

मुलाच्या फोनमधलं कर्ज

दुसऱ्या आणि तिसऱ्या पलटीच्या मध्ये एकदा गॅसच्या सिलिंडरलाही पैसे नव्हते. मुलाने घरी न सांगता फोनवर एक अॅप टाकलं. मंजूर ५,०००, खात्यात आले ३,५००, बाकीचे प्रोसेसिंग म्हणून कापले. सात दिवसांनी पाच हजार भरायचे. जमले नाहीत, तेव्हा १,५०० भरून सात दिवसांची मुदतवाढ, पुन्हा १,५०० भरून आणखी सात दिवस, आणि शेवटी पूर्ण ५,०००. साडेतीन हजारांचे एकवीस दिवसांत आठ हजार झाले. पहिल्याच आठवड्याचा दर वर्षाला नेऊन पाहिला तर बावीसशे टक्क्यांच्या वर जातो. इतक्या मोठ्या आकड्याला खरं तर अर्थ राहत नाही. त्यापेक्षा साडेचार हजार गेले, एवढं लक्षात ठेवणं पुरे.

पण खरा फटका दुसरीकडून बसला. अॅप टाकताना मुलाने संपर्क यादीची परवानगी दिली होती. डबे पोचवण्याचे फोन तोच घ्यायचा, म्हणून यादीत डबेवाली सगळी मुलं आणि काहींचे आईवडीलही होते. दुसऱ्या मुदतवाढीच्या आधी त्यातल्या काहींना मेसेज गेले की हा मुलगा चोर आहे, तुमचं नाव जामीन म्हणून दिलं आहे. दोन डबे बंद झाले. एका मुलाच्या आईने बैतूलहून फोन करून काकूंना विचारलं की घरी सगळं ठीक आहे ना. चांगल्या मनाने विचारलं होतं, आणि काकूंना तेच जास्त लागलं.

नोंदणी असलेल्या कंपनीच्या अॅपला हे करता येत नाही. रिझर्व्ह बँकेचे डिजिटल कर्जाचे नियम २ सप्टेंबर २०२२ पासून आहेत आणि ८ मे २०२५ च्या निर्देशांत ते एकत्र केले गेले. संपर्क यादी, फोटो, कॉलची नोंद यांना अॅपने हात लावायचा नाही. पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात यायला हवेत. कर्ज घेण्याआधी एका पानावर वार्षिक दर सगळ्या शुल्कांसकट लिहून द्यायचा, त्या पानावर नसलेलं शुल्क मागाहून लावायचं नाही. कर्ज घेऊन पस्तावलात तर किमान एक दिवस असा मिळतो, की मुद्दल आणि तेवढ्या दिवसाचं व्याज भरून, दंड न देता बाहेर पडता येतं. १ जुलै २०२५ पासून बँका आणि वित्त कंपन्यांच्या अॅप्सची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. मुलाने टाकलेलं अॅप त्या यादीत नव्हतं. आम्ही १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवली. मेसेज थांबले. ते तक्रारीमुळे थांबले की पैसे भरून झाले होते म्हणून, ते सांगणं अवघड.

सियागंज सुटलं

काकू पूर्वी महिन्यातून एकदा सियागंजात, म्हणजे इंदूरच्या घाऊक किराणा बाजारात जायच्या. तुरीच्या डाळीचा कट्टा, सोयाबीन तेलाचा पंधरा किलोचा डबा, आणि गहू मंडीतून आणून गिरणीवर दळायचा. सप्टेंबरपासून हे बंद झालं. एकदम सात-आठ हजार हातात नसायचे. मग कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन किलो डाळ, एक लिटर तेल, दहा किलोच्या पिशवीतला आटा.

फरक काढायला मी मुलाला जुन्या चिठ्ठ्या काढायला लावल्या. आटा महिन्याला दीडशे किलो लागतो, किलोमागे सहा-सात रुपये जास्त: हजार रुपये. डाळ पस्तीस किलो, किलोला नऊ रुपये जास्त. तेल तीस किलो, आठ रुपये जास्त. महिन्याला साडेपंधराशे. पाच महिन्यांचे ७,७५०. डायरीचं व्याज काकूंना तोंडपाठ होतं, ही रक्कम त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. डायरीवाल्याच्या खिशात यातला एक रुपयाही गेलेला नाही, तरी हा खर्च त्याच डायरीचा आहे. रोजच्या दोनशेनेच घाऊक खरेदीचं भांडवल खाल्लं.

डायरी ९,१००, अॅप ४,५००, किराणा ७,७५०. साडेएकवीस हजारांच्या जवळ. बंद झालेल्या दोन डब्यांचा नफा यात धरलेला नाही. जूनमध्ये गरज होती अठरा हजारांची.

घरात सोनं होतं. एक तोळ्याची चेन, सासूबाईंनी दिलेली. बँकेत ती ठेवून वीस हजार साडेनऊ टक्क्यांनी घेतले असते तर अडीचशे दिवसांचं व्याज तेराशे रुपये झालं असतं. हे काकूंना माहीत नव्हतं असं नाही. "सोनं गहाण टाकलं हे सासूबाईंना कळलं असतं तर," एवढंच त्या म्हणाल्या. या लाजेची किंमत मी हिशेबात कशी मांडू? पण ती होती, आणि डायरीवाला येतो तेव्हा शेजारीपाजारी सगळे पाहतात, तरी त्याची लाज वाटत नव्हती, हेही मी त्यांना बोलून दाखवलं.

मग काय केलं

चौथी पलटी मारली नाही. पहिली सूचना काकूंच्या यजमानांची होती: आता सोनं ठेवू आणि डायरीचे उरलेले दहा हजार एकदम तोंडावर मारू. भावना समजण्यासारखी आहे, पण हिशेबात बसत नाही. व्याज आधीच कापलेलं असल्यामुळे बाकीचे दहा हजार आज भरा किंवा पन्नास दिवसांत भरा, आकडा तोच. त्या पन्नास दिवसांपुरतं ते कर्ज बिनव्याजी आहे. ते फेडायला साडेनऊ टक्क्यांचे पैसे का आणायचे? लवकर भरल्याची सूट मिळाली असती तर गोष्ट वेगळी. पाचशे जरी सोडले असते तरी मी लगेच भरा म्हटलं असतं. काकूंनी विचारलं. "ब्याज तो पहले ही कट गया भाभीजी," उत्तर आलं. म्हणून हप्ते चालू ठेवले.

सोनं मात्र ठेवलं, सासूबाईंना सांगून. ३०,००० काढले आणि ते किराण्यासाठी वापरले. सियागंजची खेप पुन्हा सुरू झाली आणि रोजचे दोनशे ठरल्या वेळी जायला लागले, खाडे थांबले. सासूबाई काय म्हणाल्या? चेन कपाटात होती तेव्हा तरी कोण घालत होतं, असं म्हणाल्या.

दुसरा बदल मुलांच्या पैशांचा. निम्मे १ तारखेला, निम्मे १६ ला, दोन्ही आगाऊ. काकूंना भीती होती की मुलं सोडून जातील. एक गेला, तिघांनी कुरकुर केली, बाकीच्यांनी यूपीआय केलं. काकूंनी मध्येच एक कल्पना काढली की जो पूर्ण महिन्याचे एकदम देईल त्याला शंभर रुपये सूट. जुन्या पद्धतीशी तुलना केली तर ही सूट वर्षाला ३८ टक्क्यांच्या आसपास पडते, म्हणजे डायरीपेक्षा बरी. पण आता तुलना जुन्या पद्धतीशी नाही, निम्मे-निम्मेशी आहे. सोळा तारखेला येणारे तेराशे पंधरा दिवस आधी मिळावेत म्हणून शंभर सोडायचे, म्हणजे बाराशेवर शंभर, पंधरा दिवसांसाठी. वर्षाला दोनशे टक्के. काकूंनी स्वतःच बोटांवर मोजलं आणि सूट रद्द केली. आता असं त्या मला न विचारता मोजतात.

डायरी संपली. सोन्याच्या कर्जातले बारा हजार फेडून झाले आहेत. येत्या मे-जूनसाठी काकूंनी डिसेंबरपासून महिन्याला दोन हजारांचं आवर्ती खातं सुरू केलं आहे. त्यात जूनपर्यंत जेवढे जमतील तेवढे, कमी पडले तर समाजाच्या पतसंस्थेत सभासद कर्जाची सोय आहे.

दोन कोऱ्या चेकांपैकी एक परत मिळाला. दुसरा सापडत नाही म्हणतो. बँकेत त्या चेकचा नंबर देऊन लेखी स्टॉप पेमेंट नोंदवलं आहे, पण तेवढ्याने भागत नाही. थांबवलेला चेकही वटला नाही म्हणून निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्टच्या, म्हणजे चेकच्या कायद्याच्या, कलम १३८ खाली तक्रार होऊ शकते, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. सही असलेला चेक कर्ज फेडण्यासाठीच दिला होता, असं कायदा आधी धरून चालतो. कर्ज उरलेलं नाही हे दाखवायचं काम सही करणाऱ्याचं. म्हणून चारही डायऱ्यांच्या प्रत्येक पानाचे फोटो मुलाने काढून ठेवले आहेत, सहीसकट, आणि शेवटच्या हप्त्याच्या पानावर "हिसाब पूरा" असं लिहून घेतलं आहे. नोटीस आलीच तर पंधरा दिवसांच्या आत वकिलाकडून लेखी उत्तर द्यायचं, हे यजमानांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलं आहे.